अंगण आखण्याआधी विचारणाऱ्या बाई

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या वाचनालयाच्या प्रमुख श्रीमती राइना मिनेवा. कामाच्या गर्दीतून आलेले माननीय नगराध्यक्ष. व्यासपीठावरील इतर मान्यवर. आजच्या सत्कारमूर्ती आर्किटेक्ट वेसेला दोंचेवा आणि त्यांना न्यायला रूसेहून आलेली त्यांची मुलगी रोसित्सा. आणि समोर बसलेल्या माझ्या गावकरी बंधुभगिनींनो,

कोणाचं नाव राहिलं असेल तर आत्ताच सांगा, नाहीतर घरी गेल्यावर मला ते टोचत राहील. हो, फादर मागच्या रांगेत बसले आहेत, ते आत्ता दिसले. फादर, तुम्हालाही नमस्कार.

माझं नाव पेन्यो त्सोनेव्ह. बहुतेकांना मी पावाच्या गाडीवरचा पेन्यो म्हणून ठाऊक आहे. सातवीपर्यंत शिकलो, पुढे गाडी चालवली. भाषण कधी केलं नाही. हातात कागद आहे, पण चष्मा बदलल्यापासून त्यावरची अक्षरं पोहतात, म्हणून आठवेल तसं बोलतो. ही माइकची वायर माझ्या पायाशी आली आहे. राइनाबाई म्हणतात काही होत नाही. तरी मी जरा बाजूला सरकून उभा राहतो.

माझ्या आधी शिकलेली माणसं बोलून गेली. चौकातली बाग, बालवाडीचं मैदान, पुलाजवळच्या हॉटेलची गच्ची, वेसेलाबाईंनी केलेल्या सगळ्या कामांची नावं त्यांनी घेतली. मग माझ्यासारख्याने उठून काय सांगावं? मी एवढंच सांगू शकतो, की त्यांनी एक लहानसं अंगण केलं आणि ते माझं आहे. म्हणजे, माझं आहे असं मला वाटत होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माझी बायको मित्का हिला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. मित्काला तुम्ही सगळे ओळखता. चौकातल्या कापडाच्या दुकानात काउंटरमागे तीच असायची. तिच्याकडे आलेला माणूस आधी गावभरच्या गोष्टी ऐकायचा आणि मग अस्तराचं कापड मागायचा. अशा बाईची वाचा जावी, याला काय म्हणावं?

दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, "हिला रोज बाहेर बसवा. खोलीतच राहिली तर अंथरूण धरेल आणि मग उठायची नाही." हे ते जाता जाता म्हणाले, खिशात गाडीची किल्ली चाचपत. त्यांनी पुढे औषधांचंही सांगितलं असेल. मला दुसरं काही ऐकूच आलं नाही.

बाहेर बसवा. ठीक. पण बाहेर म्हणजे कुठे? आमच्या अंगणात सिमेंट, गंजलेली पिंपं, अर्धी वाळलेली द्राक्षाची वेल आणि चारी बाजूंनी माझ्या डोक्यावरून जाणारं पत्र्याचं कुंपण. ते कुंपण मी घातलं होतं. आमच्या गल्लीतल्या एका घरातून नाताळाआधी सुकत टांगलेले सॉसेज चोरीला गेले, त्या वर्षी. फाटकही पत्र्याचंच, आतून साखळी. हसू नका. तुमचेही सॉसेज टांगलेले असतात.

मित्काला मी खुर्चीतून अंगणात न्यायचो. ती डोळे मिटून घ्यायची आणि थोड्या वेळाने डाव्या हाताने घराकडे बोट करायची. सारा वसंत असाच गेला. तिचं जेवण कमी झालं. धड असलेला पायही थरथरायला लागला. डॉक्टरांचं ते वाक्य मी रोज सकाळी चहाबरोबर गिळत होतो. आज उठेल, उद्या उठेल, आणि एक दिवस नाही उठली तर?

आमचा मुलगा इवायलो तिकडे परदेशात, सारागोसाला असतो. त्याला मी फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, अंगण असलं असेल तर आई बाहेर कशाला बसेल, अंगण नीट करून घ्या, खर्च माझा. आणि त्याने फोटो पाठवले. हिरवीगार हिरवळ, झोपाळ्याचा सोफा, दगडी चूल, मधे कारंजं. मला फोटो आवडले. झोपाळ्याच्या साखळीची जरा धास्ती वाटली, पण आवडले.

ते फोटो घेऊन मी वेसेलाबाईंच्या कचेरीत गेलो आणि म्हणालो, हे असं करून द्या. त्यांनी एकेक फोटो नीट बघितला आणि परत दिला.

"छान आहेत," त्या म्हणाल्या. "यांत बसलेली माणसं कुठे आहेत?"

मी बघितलं. एकाही फोटोत माणूस नव्हता.

"फोटो काढायचा म्हणून उठवली असतील," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. उद्या येते म्हणाल्या.

आल्या, पण हातात ना टेप, ना कागद. येऊन बसल्या. मी कॉफी केली, आलुबुखारांचा मुरंबा काढला. त्यांनी विचारलं, सकाळची कॉफी कुठे पिता? ऊन स्वयंपाकघरात आधी येतं की जिन्यावर? न विचारता घरात कोण कोण शिरतं? मित्का आधी कोणत्या पायरीवर बसून भाजलेल्या मिरच्या सोलायची? पावसात कपडे कोण उचलतं? मी उत्तरं देत होतो आणि मनात म्हणत होतो, पेन्यो, बाईला काम येतं ना? दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवशी आल्या. पत्र्यापलीकडून शेजाऱ्याने टोमणा मारला, "पेन्यो, बाई अंगण करते आहे की सोयरीक जमवते आहे?" मला वाटलं, वेडा आहे, पण खोटं नाही बोलत. उन्हाळा चालला होता. गवंडी मिळायचे दिवस जात होते. इवायलो फोनवर विचारायचा, नकाशा झाला का? मी म्हणायचो, अजून मिरच्यांवरच आहोत.

एकदा त्यांनी मला विचारलं, "पेन्योदादा, तुम्हाला कशाकशाची भीती वाटते?"

आता हा काय प्रश्न झाला? पण कोणी आजवर विचारलाच नव्हता, त्यामुळे मी सांगत गेलो. गॅस चालू राहील. मित्का घसरेल. उनाड कुत्री आत येतील. द्राक्षं खाली पडतील, त्यांवर गांधीलमाश्या येतील आणि तिला हाकलताही येणार नाही. गल्लीतून लाकडांचे ट्रक वेगाने जातात. मी बाजारात असताना तिला काही झालं तर? मी आधी गेलो तर? बाईंनी मधे एकदाही "अहो, उगीच काळजी करता" असं म्हटलं नाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे. डॉक्टर म्हणतात, मुलगा म्हणतो, फादर, तुम्हीही म्हणता, काळजी करू नकोस. बाईंनी फक्त विचारलं, "ट्रक कोणत्या वेळी जातात?"

मग त्यांनी आमच्याकडच्या जुन्या चादरी मागितल्या. म्हणाल्या, कागदावरची चूक बांधून झाल्यावर कळते, चादरीची दुपारभरात कळते. फळांची खोकी उलटी घालून बाक केला, वर दोरीने चादर ताणून सावली केली. पहिल्या दिवशी वेलीखाली, स्वयंपाकघराला लागून, अंगणातल्या सगळ्यात चांगल्या कोपऱ्यात. मित्काला आणलं. तिने मान फिरवली आणि घराकडे बोट केलं. दुसऱ्या दिवशी विहिरीपाशी. तेच. त्या दिवशी माझा धीर सुटला.

"बाई, तिला काही नको आहे," मी म्हणालो. "हिरवळ नको, सावली नको. तिला आता फक्त..."

"ती मान कुठे वळवते ते बघितलंत का?"

"घराकडे."

"आधी फाटकाकडे. तिथे पत्रा दिसतो. मग घराकडे."

तिसऱ्या दिवशी चादर फाटकाच्या आतल्या बाजूला, अगदी पत्र्याला टेकून बांधली. मित्का बसली. डोळे मिटले नाहीत, पण चेहऱ्यावर काही नाही. समोर पत्रा आणि पत्र्यावर गंज. आणि तेवढ्यात कोणीतरी बाहेरून फाटक वाजवलं.

आता इथे एक सांगायला हवं. आमच्या फाटकावर बाहेरून माझ्या आईच्या वर्षश्राद्धाचं पत्रक होतं, वर काळी फीत. तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या दारावर असतं तसंच. ऊनपावसाने गळून पडेपर्यंत कोण काढतं? पण उन्हाने त्यावरचं नाव उडून गेलं होतं. उरला होता रुमाल बांधलेल्या म्हातारीचा फिकट फोटो आणि फीत. म्हाताऱ्या बायका फिकट झाल्या की सगळ्या एकसारख्याच दिसतात.

मी साखळी न काढता फट उघडली. वरच्या आळीतली स्तोयनाबाई. काळा रुमाल, हातात ताट, त्यात गेलेल्या माणसासाठी करतात तसे उकडलेले गहू, वर साखर, मधे मेणबत्ती. डोळे रडून लाल.

"पेन्यो, माणसाने निदान कळवावं तरी," ती म्हणाली. "सबंध जन्म मी तिच्याकडून कापड घेतलं. माझ्या लग्नाचंसुद्धा. आणि मला फाटकावर बघून कळावं?"

"कोणाचं?"

"कोणाचं काय? मित्काचं."

आणि मित्का माझ्या पाठीमागे, हातभर अंतरावर. मी तिथे गोठून उभा. मला वाटलं, हिने ऐकलं असणार. आता दुसरा झटका येणार. डॉक्टरांना फोन करायचा तर फोन स्वयंपाकघरात. वेसेलाबाई विहिरीपाशी उभ्या होत्या, त्याही हलल्या नाहीत.

तेवढ्यात धाडकन आवाज झाला. मित्काने डाव्या हातातली काठी पत्र्यावर हाणली होती. मग परत हाणली. झटक्यानंतर तिच्या हाताने एवढा जोर केल्याचं मी बघितलं नव्हतं. मी साखळी काढली, फाटक उघडलं. स्तोयनाबाईने समोर बघितलं, ताट सोडलं आणि छातीवर क्रूसाची खूण करायला लागली. गहू सगळीकडे.

"अगं, तू तर मेली होतीस," ती म्हणाली.

मित्का हसली. झटक्यापासून तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं आहे, म्हणून हसूही वाकडंच, ओठातून लाळ आली. मी पुसायला गेलो तर तिने माझा हात झटकला. आणि तोच हात शेजारच्या खोक्यावर आपटला. बस, असं.

स्तोयनाबाई बसली. आणि एकदा बसल्यावर तिला कोण उठवणार? म्हणाली, सगळी वरची आळी तुला गेलेली समजते. हिवाळ्यापासून दिसली नाहीस, दुकानात नाही, चर्चमध्ये नाही, आणि वर ही फीत. मी तर फादरना मृतांच्या प्रार्थनेसाठी नावसुद्धा देऊन आले, असं म्हणाली. फादर, ते नाव काढलंत ना? विचारायचं राहूनच जातं. नक्की? आभारी आहे.

फाटक उघडंच राहिलं. गल्लीतून जाणारी माणसं थांबायला लागली. कोणी म्हणालं, अरे, मित्का. कोणी गव्हावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून आत डोकावलं. मित्का प्रत्येकाकडे मान वळवून बघत होती, जणू कोणाला किती मीटर लागेल त्याचा अंदाज घेते आहे. मी दोनदा विचारलं, आत जायचं? तिने दोन्ही वेळा माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ऊन उतरल्यावर वेसेलाबाईंनी चादर सोडली, घडी घातली, माझ्या हातात दिली. "पेन्योदादा," त्या म्हणाल्या, "आता नकाशा काढते."

नकाशा एकाच कागदावर होता. हिरवळ नाही, कारंजं नाही, झोपाळा तर नाहीच. रस्त्याकडचं पत्र्याचं कुंपण कापलेलं. फाटकाशेजारी लाकडी बाक, अर्धा आत, अर्धा गल्लीत, वर छत. डाव्या हाताला धरायला कठडा. दारापासून बाकापर्यंत उतार, पायरी एकही नाही. जुनी वेल छाटून तिची नवी फांदी त्या बाजूला वळवायची, बाकाच्या मागून, म्हणजे द्राक्षं पडली तरी पाठीमागे पडतील. आणि रस्त्याच्या कडेला दोन दगडी खांब, ट्रकसाठी.

तुम्हाला वाटेल, मी आनंदलो असेन. कसला आनंद? मी त्यांच्याशी भांडलो. बोलता न येणाऱ्या बाईला रस्त्यावर बसवायचं? कोणी काही केलं तर ती ओरडणार कशी? इवायलो फोनवर चिडला तो वेगळाच. म्हणाला, मी अंगणासाठी पैसे देतो आहे, गल्लीसाठी नाही, आणि आईला काय बस स्टॉपवर बसवणार आहात? मी फोन बाईंना दिला. त्या त्याच्याशी शांतपणे बोलल्या. त्याला म्हणाल्या, "तू पैसे देतोस म्हणून तुझं ऐकलं. तुझी आई तिथे बसणार आहे म्हणून तिचंही ऐकलं. आता तुझ्या वडिलांचं ऐकायचं राहिलं आहे, कारण ती बाहेर बसली की जीव त्यांचा जाणार आहे."

मग त्यांनी कागदावर बोट ठेवलं. बाकाच्या मागे, आतल्या बाजूला, लाकडी जाळी काढलेली होती आणि जाळीमागे एक छोटा चौकोन. मी तो आधी बघितला होता.

"कोंबड्यांचं खुराडं ना?" मी म्हणालो.

"तुमची जागा आहे."

"माझी? मला कशाला? मी घरात बसेन."

"घरात तुमच्याने बसवणार नाही. आणि तिच्या शेजारी बसलात तर तुम्ही सारखे तिची शाल नीट करत बसाल, आणि लोक तिच्याशी बोलायचं सोडून तुमच्याशी बोलतील. इथून ती दिसेल, रस्ता दिसेल, दोन्ही बाजूंनी येणारा ट्रक दिसेल. हात लांबवला तर तिच्या खांद्यापर्यंत पोहोचतो, मी मोजलं आहे. बाहेरून तुम्ही दिसणार नाही."

बंधुभगिनींनो, जन्मभर मला सगळ्यांनी सांगितलं, पेन्यो, काळजी सोड. ती सुटत नाही हे मीच कोणाला सांगू शकलो नाही. ह्या एका बाईने ती सोडायला सांगितली नाही. तिला बसायला जागा काढून दिली.

मित्का आता रोज बाहेर बसते. पाऊस असला तरी बसते, छत आहे. अंथरूण धरलं नाही. तिला थोडे शब्द आले आहेत. पहिला शब्द मी ऐकला तो माझं नाव नव्हता. कोणा पोराच्या शर्टाकडे बघून ती म्हणाली, "टेरिकॉट." जाळीमागे बसून मी रडलो, कोणाला दिसलं नाही, ते एक बरं. आत्ताही ती घरी बाकावर बसली आहे, शेजारी स्तोयनाबाई आहे. तरी माझं लक्ष तिकडेच आहे हे तुम्हाला दिसतंच आहे.

आता शेवटचं. बाई उद्या रूसेला मुलीकडे कायमच्या जात आहेत. गुडघे चालत नाहीत, इथला जिना झेपत नाही. चांगलं आहे, आपल्या माणसात जाणं चांगलंच. पण मला ठाऊक आहे, मी एक काळजी घेऊन झोपणार. म्हणून काल सामान बांधत होत्या तेव्हा मी गेलो. त्यांनी कॉफी केली. मी विचारलं, बाई, तिकडे तुम्हाला कुठे बसायला आवडेल?

त्या म्हणाल्या, रोसित्साने बाल्कनीची खोली तयार केली आहे, फार सुंदर आहे, नदी दिसते. मी म्हणालो, तसं नाही, बसायला कुठे आवडेल? बराच वेळ त्या खोक्यावर चिकटपट्टी लावत राहिल्या. मग म्हणाल्या, स्वयंपाकघरात. तिथे खिडकीखाली एक कोपरा आहे, तिथून घराचं दार दिसतं, नातवंडं शाळेतून येताना दिसतील. पण तिथे फ्रिज आहे. आणि म्हणाल्या, पेन्योदादा, हे कोणाला बोलू नका, पोरीने हौसेने खोली लावली आहे.

मी बोलणार नाही असं म्हटलं होतं. रात्रभर विचार केला. रोसित्साबाई, तुम्ही पहिल्या रांगेत आहात म्हणून बरं झालं. बाल्कनीची खोली राहू दे, छानच असेल. पण तेवढा फ्रिज हलवा.

बाई, माझ्याकडे असं बघू नका. तुम्हीच शिकवलंत.

संयोजकांनी मला इथे उभं केलं, नगराध्यक्ष आणि सगळे मान्यवर एवढा वेळ बसून राहिले, त्याबद्दल सर्वांचा मनापासून ऋणी आहे. मित्काच्या आणि इवायलोच्या वतीनेही वेसेलाबाईंचे आभार मानतो. बोलण्याच्या ओघात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाचं गुपित बाहेर पडलं असेल, तर म्हाताऱ्याची चूक समजून पोटात घाला. मी आता खाली उतरतो. ही वायर कोणीतरी धरा, मला घरी जायचं आहे.